त्रेसष्टाचा आकडा

ऑर्व्हिल टॅकेट आधी घोडीला चरात उभं करतो.
तबेल्यामागे गुडघाभर खोल चर, त्याच्या आज्याने खणलेला;
काठावर गाढव. म्हणजे उंचीची भानगड मिटते.
"आणि मनाची?" मी विचारते.
"ती लहानपणीच मिटवलीय."

हे गाढव दूध तुटल्यापासून घोड्यांच्या शिंगरांत वाढलेलं.
आई पलीकडच्या कुरणात नेली, पुन्हा दाखवली नाही.
आता ते घोडीवरच भाळतं.
जातीची मादी कुंपणाजवळून गेली
तर शेपटीने माशी हाकलतं आणि खात राहतं.

शिरवळच्या कॉलेजात खेचराला अर्धं पान होतं,
परीक्षेला एक मार्क.
इथे मिझुरीत, रोलापासून तासाभरावर,
माझ्या गाडीच्या डिकीत सोनोग्राफीचं यंत्र,
खांद्यापर्यंतचे हातमोजे,
आणि ऑर्व्हिलचे प्रश्न, जे पुस्तकात नव्हते.
तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?
खेचर, मी म्हणते. जुना अर्थ: आकाशात फिरणारा.
तो खुरांना लागलेला चिखल बघतो,
टोपी मागे सारतो.
"ज्याने नाव ठेवलं, त्याने लाथ खाल्ली असणार."

उलटं केलं, बाप घोडा आणि आई गाढवीण,
तर हिनी. मराठीत तिला निराळं नाव नाही, मी शोधलं.
गाढविणीच्या पोटात जागा कमी, म्हणून चण लहान;
कान आखूड, शेपूट भरघोस, तोंडावळा बापाचा.
पीठ तेच, पाणी तेच. तवा बदलला.
ऑर्व्हिलकडे एकच आहे, तीन वर्षांच्या खटपटीनंतरची:
घोडे नाकं मुरडतात, गाढविणींना दिवस राहत नाहीत.

गुणसूत्रांचा हिशेब मी कार्डावर मांडते.
घोडीची चौसष्ट, तिच्याकडून बत्तीस.
गाढवाची बासष्ट, त्याच्याकडून एकतीस.
घाईत बेरीज देवनागरीत उतरते: ६३.
ऑर्व्हिल कार्ड उजेडात धरतो.
"हे दोघं काय बोलतायत?"

छत्तीस आम्हाला ठाऊक, पाठीला पाठ लावून बसलेला.
भावकीत असतो, बांधावर असतो.
त्रेसष्टाचं नाव फारसं कुणी काढत नाही.
सहा आणि तीन समोरासमोर,
इतके जवळ
की मध्ये तिसऱ्याला जागा नाही.

पुढच्या मार्चात पहाटे फोन.
घोडी रात्री व्याली. लांब कानांचं शिंगरू, धडधाकट,
आणि पर्लीने ते चोरलंय.

पर्ली एकोणीस वर्षांची मादी खेचर.
ओंडके ओढले, शिकाऱ्यांची ओझी वाहिली,
कधी व्याली नाही, विणारही नाही.
कोपऱ्यात शिंगराला पाठीशी घालून उभी.
घोडी पलीकडे घामेजलेली, फळीवर खूर आपटत.
मी पर्लीच्या पोटाखाली वाकते.
कास घट्ट. बोटावर पांढरा थेंब.
होतं असं कधीकधी. संप्रेरकं वगैरे,
मला सांगता आलं असतं.
ऑर्व्हिलने विचारलं नाही.

पण पहिला चीक आईचाच लागतो, बारा तासांच्या आत.
दोर मी टाकला. त्याने ओटचं घमेलं वाजवलं,
आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच
ती घमेल्याला फसली.

शिंगरू घोडीला लुचायला लागलं.
दाराआडून पर्लीने हाक दिली.
सुरुवात घोडीसारखी, मध्येच श्वास अडकला,
मग गाढवाची होऊन लांबत गेली, लांबत गेली.
शिंगराने आचळ सोडलं नाही.
एक कान तेवढा वळवला.